लवंगा टोचलेलं लिंबू

१२ जानेवारी, रविवार

एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये दर दोन तासांनी रजिस्टरात उसाच्या रसाचा ब्रिक्स, म्हणजे गोडी, आणि पीएच लिहिला. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी हात शिवशिवतो. पण नुसतं 'जेवलो, झोपलो' काय लिहायचं, म्हणून वही कोरीच राहिली होती. आता लिहिण्यासारखं झालंय.

काल बायकोला, कस्तुराला, घेऊन दौंडला गेलो होतो. आमची लेक तेजश्री तिथं रेल्वे कॉलनीत असते, तिनंच कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं नंबर लावला होता. कस्तुराच्या दोन्ही हातांची सालपटं निघालीत, पेरापेरांत भेगा. भाकरी थापताना पिठाला रक्त लागतं, आणि ही बया मला महिनाभर सांगत नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भांड्यांचा साबण, लिक्विड, पावडर, ओटा पुसायचं औषध, सगळं दोन महिने बंद. यांनी भांडी घासायची नाहीत. आणि घरातल्या भांड्यांवर साबणाचा अंशसुद्धा राहता कामा नये."

मी विचारलं, "मग भांडी घासायची कशानं?"

"ते नंतर बघा. आधी घासणार कोण ते ठरवा," असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं. शिकलेल्या लोकांना चेष्टा कुठं करावी हे कळत नाही.

१३ जानेवारी, सोमवार

भांड्याला बाई लावू म्हटलं. कस्तुरा म्हणाली, "माझ्या घरात परकी बाई नगं. भांडी घासंल कमी, आन् घरातलं गावभर सांगंल जास्त." शिवाय आमच्या निमोणे गावातल्या सगळ्या बाया सध्या कांद्याच्या रानात. मोरीत कालपासूनची भांडी पडलीत. वास सुटलाय.

मीच घासणार. झालं, लिहून टाकलं.

पण हे बाहेर कळता कामा नये. कारण सांगतो. दूध संस्थेची निवडणूक लागलीय. आमच्या गटातून एक जागा आणि फॉर्म दोन, एक माझा आणि एक ज्ञानदेवचा. ज्ञानदेव म्हणजे आमचा शेजारी. त्याच्या घरात आणि माझ्या घरात एका बोळाचं अंतर. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. कबड्डीचा कॅप्टन तो झाला. तंटामुक्तीचा अध्यक्ष तो झाला. सोसायटीला मी दोनदा उभा राहिलो, दोनदा त्यानंच पाडलं आणि दोन्ही वेळा वर पेढाही भरवला. मला आयुष्यात एकदा, फक्त एकदा, निवडून यायचंय. हौशीराम आप्पा भांडी घासतो हे जर पारावर कळलं, तर ज्ञानदेवला प्रचार करायची गरजच नाही.

तेव्हा वेळ ठरवली. दुपारी दोन ते तीन. गाव पेंगत असतं. दार लावायचं, खिडकी ओढून घ्यायची.

१६ जानेवारी, गुरुवार

पहिला प्रयोग फसला. नुसत्या काथ्यानं घासलं. तेल होतं तिथंच राहिलं, वरून काथ्याचे केस चिकटले. संध्याकाळी वरणात एक निघाला. कस्तुरानं नुसता ताटाच्या कडेला काढून ठेवला. त्यापेक्षा बोलली असती तर बरं.

२१ जानेवारी, मंगळवार

लॅबचा माणूस आहे मी. घाण म्हणजे काय, हे आधी ठरवायचं आणि मग त्याच्यावर उतारा शोधायचा. बायका पिढ्यान् पिढ्या घासतात पण शास्त्र कोणी लिहून ठेवत नाही. मी ठेवतो.

तेलकट भांडं आधी धुवायचंच नाही. चाळणीतला कोंडा टाकून कोरडं पुसायचं, कोंडा तेल पितो आणि तो कोंडा म्हशीला जातो. (हा शोध माझा. कस्तुरा सहज म्हणाली होती की तिची आई असंच करायची, पण ती तोंडी गोष्ट झाली.) तांब्या-पितळेला चिंचेचा कोळ आणि मीठ. करपलेल्या जर्मनच्या पातेल्यात लिंबाच्या साली घालून उकळायचं, तळ आपोआप सुटतो. मोरीच्या जाळीला वास येत असेल तर खायचा सोडा टाकायचा, वरून आंबट ताक ओतायचं, फसफसून झालं की गरम पाणी. हे फसफसणं बघायला मी रोज दोनदा करतो. ओटा पिळलेल्या लिंबाच्या फोडीनंच घासायचा. परसात झाड आहे, लिंबं पडून वाया जातात.

आणि प्रत्येक भांड्याला मोजून हात मारायचे. शंभर कमी पडतात असं दिसून आलं, म्हणून एकशे आठ. मोजणं मोठ्यानं केलं की चुकत नाही.

वापरलेल्या साली, हळद-मीठ लागलेल्या फोडी, सगळं तिकटीवर, तीन वाटा मिळतात तिथल्या उकिरड्यात टाकतो. खत होईल. कुणी बघू नये म्हणून पाठमोरा होऊन टाकतो आणि मागं न बघता परत येतो.

२९ जानेवारी, बुधवार

राख मिळाली!

काजळी धरलेल्या भांड्याला राखेशिवाय पर्याय नाही. पण आमच्याकडं आंघोळीला सोलर, स्वयंपाकाला गॅस, राख आणायची कुठून? ज्ञानदेवच्या परसात मात्र अजून तीन दगडांची चूल आहे. सकाळी सात वाजता तिकडं डोकावलो. कोणी नव्हतं. घमेलं घेऊन आत गेलो आणि चुलीतली राख दोन्ही हातांनी भरायला लागलो. तेवढ्यात धुरपदावहिनी, ज्ञानदेवची बायको, बादली घेऊन आल्या. मला बघितलं आणि बादली हातातून पडली.

"भाऊजी... आवं, ही आमच्या चुलीतली राख..."

"जरा लागत व्हती, वहिनी."

"कशाला?"

आता काय सांगू? भांडी घासायला? मी म्हणालो, "काम हाय एक. कळंल तुम्हाला पंधरा दिवसांत." आणि हसलो. उमेदवारानं हसतमुख असावं.

त्यांनी एकदम दाराची चौकट धरली. बाईला बीपीचा त्रास दिसतोय.

घरी येऊन सांगितलं तर कस्तुरा म्हणाली, "आज आवस हाय, म्हाईत हाय का तुमाला?"

"आसंना का. राखेला काय तिथी असती?"

ती जी हसायला लागली, पोट धरून बसली खाली. बरं वाटलं. महिनाभर हसली नव्हती.

१ फेब्रुवारी, शनिवार

पलीकडं गुऱ्हाळ सुरू झाल्यापासून माश्यांनी उच्छाद मांडलाय. तेजश्रीला फोन केला. ती म्हणाली, "आप्पा, लिंबू अर्धं कापा, त्यात लवंगा खोचा, खिडकीत ठेवा. माशी फिरकायची नाही." मग म्हणाली, "आप्पा, तुम्ही खरंच घासता?" मी म्हणालो, घासणं वेगळं आणि प्रक्रिया वेगळी. ती फोन ठेवेपर्यंत हसत होती. आईवर गेलीय.

एका लिंबात अकरा लवंगा बसल्या. बोळाकडच्या खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवलं. खरोखर, तासाभरात माश्या गेल्या.

३ फेब्रुवारी, सोमवार

खिडकीतलं लिंबू गायब. बोका असणार. दुसरं केलं, तेही संध्याकाळपर्यंत गेलं. म्हटलं बोक्याला लवंग कशाला लागते, दात दुखतो काय? आता एकदम पाच करून ठेवलीत.

मुंग्यांचा बंदोबस्तही केला. रांग बोळातून येते. तिच्या वाटेवर हळदीची जाड रेघ ओढली, आमच्या मोरीच्या भोकापासून सरळ ज्ञानदेवच्या उंबऱ्यापर्यंत. म्हटलं शेजाऱ्याचंही भलं होईल. मतं फुटली म्हणून माणुसकी सोडायची नसते.

५ फेब्रुवारी, बुधवार

वारं फिरलं! माझ्या बाजूनं फिरलं!

सकाळी दूध घालायला गेलो तर रांगेतली माणसं बाजूला झाली. "आप्पा, तुम्ही आधी." मोजणाऱ्यानं माझ्या दुधाला फॅटसुद्धा चांगली लावली. परवापर्यंत जी माणसं नमस्काराला हात वर करायची नाहीत, ती आता दोन्ही हात जोडतात. एका बाईनं मला बघून म्हशीच्या तोंडावर पदर धरला. ते मला नीट कळलं नाही, पण गावात आदर दाखवायच्या नाना पद्धती असतात.

माऊली पोलीस पाटील भेटला. चांगला माणूस, पण आज जरा चाचरत होता. म्हणाला, "आप्पा, तुम्ही वडीलधारे. पर कायदा लई कडक झालाय आता. ह्या असल्या गोष्टींला जामीन बी लवकर मिळत न्हाई."

मी म्हणालो, "माऊली, आचारसंहिता मला शिकवू नगं. मी जे काय करतो ते दार लावून करतो. कुणाला त्रास न्हाई."

त्याला घाम फुटला. ऊन नव्हतं फारसं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कस्तुरानं काल कासाराकडून दोन्ही हातांत हिरवा चुडा भरून घेतला. हात बघू म्हटलं तर पदराखाली घेतला. "नगा बघू, दृष्ट लागंल." दिवसभर वांगी तोडते, लसूण सोलते, शेजारच्या पोरीची वेणी घालते, तेव्हा हाताची आग होत नाही. दुपारी दोनच्या सुमारालाच होते. डॉक्टरीणबाईंना हे विचारायला पाहिजे. उन्हाशी संबंध असावा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ज्ञानदेव दिसला. चेहरा पार उतरलाय, गाल बसलेत. मला बघून बोळातून उलटा फिरला. गळ्यात काळा दोरा, दाराला लिंबू-मिरच्यांची माळ, एक नाही, सात! लिंबाचं महत्त्व यांनाही पटलं म्हणायचं. धुरपदावहिनींनी घरातलं पीठ, तूप, मसाले, लोणच्याची बरणीसुद्धा उकिरड्यावर ओतली आणि उंबरा गोमूत्रानं धुतला. माझी हळदीची रेघ वाहून गेली, तेवढं वाईट वाटलं. स्वच्छता चांगली, पण हे जरा अतीच.

त्याला माझी धास्ती बसलीय हे उघड आहे. निवडणूक म्हटली की टेन्शन येतंच. पण खोटं कशाला लिहू, त्याला असा बघून मला पहिल्यांदा गुदगुल्या झाल्या आणि मग दुपारभर जेवण गेलं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

पारावर बातमी आली. ज्ञानदेव परवा, सोमवारी, शिरूरला जाऊन फॉर्म मागं घेतोय! मुदत तीन वाजेपर्यंत. म्हणजे मी बिनविरोध. बिनविरोध! मला तर शब्दसुद्धा दोनदा लिहावासा वाटतोय.

आनंदाच्या भरात आज पितळी डबेसुद्धा काढून घासले. मोजणं चुकलं, दोनशेच्या वर गेलो असेन.

९ फेब्रुवारी, रविवार

आज लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

दुपारी दोन वाजता दार वाजलं. उघडलं तर माऊली, आणि मागं चार-पाच हात लांब उभे दोन पंच. माझे हात कोपरापर्यंत राखेनं काळे. मागं पाटावर अर्धी कापलेली लिंबं, मिठाचं भांडं, हळदीचा डबा, घमेल्यात राख. माऊलीनं एकदा हे बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि हात जोडले.

"आप्पा, पाया पडतो. काढून घ्या जे केलंय ते. ज्ञानदेवतात्या मरतील."

"काय काढून घिऊ?"

"करणी."

मग तो एकेक सांगत गेला. आवसेला चुलीतली राख नेली. तिकटीवर हळद-मिठाची लिंबं, मागं न बघता टाकलेली. त्यांच्या उंबऱ्यावर लवंगा टोचलेली लिंबं सापडली, एकदा नाही, दोनदा. (बोका! मेला बोका!) हळदीची रेघ. रोज दुपारी बंद दाराआड एकशे आठ जप. सगळ्या गावाला माहीत, मला सोडून. पलीकडच्या गावचा देवरुषी येऊन गेला. त्यानं ज्ञानदेवला सांगितलं, अन्न बंद, नुसत्या शहाळ्यावर राहा, आणि शुगरच्या गोळ्याही बंद, औषधानं उतारा लागत नाही म्हणे. पाच दिवस गोळ्या नाहीत. सकाळी दूध डेअरीच्या पायरीवर चक्कर येऊन पडला. खोक पडलीय कपाळाला.

मला ओरडून सांगावंसं वाटलं की मी भांडी घासतो रे. तोंडाशी आलं. आणि बाहेर पडलं काय? "बघतो." एवढंच. माऊली गेला.

मी कस्तुराकडं वळलो. "तुला म्हाईत व्हतं?"

"आवसेपासनं," ती म्हणाली. "धुरपदानं तीस वर्सं माझ्या भाकरीला नावं ठिवली. लेक बघायला आलेल्या पावण्यांसमोर ठिवली. म्हटलं आठ दिस घाबरू द्या जरा." मग खाली बसली. "पर गोळ्यांचं म्हाईत न्हवतं वो. देवाशपथ न्हवतं."

मी राखेचे हात धुतले आणि वही घेतली.

आता खरं काय ते. उद्या तीन वाजेपर्यंत तोंड बंद ठेवलं तर मी निवडून आलो. मग साडेतीनला जाऊन ज्ञानदेवला सांगायचं, गोळी घे लेका, सगळं खोटं आहे. अर्ध्या दिवसानं काय होणार आहे? एवढा हिशेब मी केला. लाज वाटते, पण केला. पण ज्याची शुगर पाच दिवस मोकाट आहे त्याचा अर्धा दिवस मी कुठल्या तोंडानं मागू? आणि आत्ता बोललो तर जन्मभर भांडी घासणारा हौशा.

१० फेब्रुवारी, सोमवार

नऊ वाजता निघालो. पितळेचं पातेलं घेतलं, तळ काळा ठिक्कर झालेलं. घमेल्यात राख, फडक्यात लिंबं, खिशात लवंगा. कस्तुरा म्हणाली, "मी येऊ?" म्हटलं नको. तरी आलीच मागनं.

पारापाशी जीप उभी होती. ज्ञानदेव कपाळाला पट्टी बांधून पुढच्या सीटवर, धुरपदावहिनी शेजारी, जीप शिरूरला निघालेली. मला लिंबासकट बघितलं आणि पारावरची माणसं उठून मागं सरली. एक जण चप्पल सोडून पळाला.

मी मोठ्यानं म्हणालो, "मी करणी-बिरणी केली न्हाई. कस्तुराच्या हाताला साबण चालत न्हाई. एक महिना झाला, आमच्या घरची भांडी मी घासतो."

मग मागून एक आवाज आला, "आप्पा, पटंल असं कायतरी सांगा की."

आणि सगळ्यांनी माना हलवल्या! ह्या गावाला मी लिंबात भूत कोंडतो हे पटतं, पण मी बायकोची भांडी घासतो हे पटत नाही. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आरं गाढवांनो, बघा मग!" आणि पाराजवळच्या नळाखाली उकिडवा बसलो. लिंबू, राख, काथ्या. एक, दोन, तीन. धोतर भिजलं. एकशे आठ झाले तेव्हा श्वास लागला होता आणि पातेलं नव्यासारखं झालं होतं.

तरी कुजबुज चालूच. "मंत्रानं बी उजळतं पितळ."

तेव्हा अनसाबाई पुढं आली. नव्वदीची म्हातारी, गावातली सगळ्यात थोरली, कुणाच्या बापाला भीत नाही. तिनं पातेलं माझ्या हातातनं घेतलं, उलटं केलं, नाकाशी नेलं. मग काठाच्या खालच्या खोबणीत बोट घालून सगळीकडनं फिरवलं आणि बोट सगळ्यांना दाखवलं.

"काठाखालनं बी साफ हाय," ती म्हणाली. "एक दिस घासणारा माणूस काठाखाली बोट घालत न्हाई. मंत्र बी घालत न्हाई. ह्यो रोज घासतोय."

निकाल लागला. आधी बायका हसल्या, मग गडी हसले, पळून गेलेला चप्पल घ्यायला आला तोही हसला. मी मान खाली घालून बसलो होतो. सगळ्यांच्या वर एक हसणं ऐकू आलं, जुनं, कबड्डीच्या मैदानावरचं. ज्ञानदेव जीपच्या दाराला धरून हसत होता. डोळ्यांतून पाणी, पट्टी सुटलेली. "हौशा! आरं भांडी! आरं तू भांडी...!"

मी उठलो आणि म्हणालो, "हस लेका पोटभर. पर आधी गोळी खा."

धुरपदावहिनींनी कमरेच्या पिशवीतनं गोळीची पट्टी काढली. सगळीकडं घेऊन फिरत होती बिचारी, द्यायला भीत होती. कस्तुरानं पुढं होऊन तिच्या हाती पाण्याचा तांब्या दिला. दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या, पण तांब्या दोघींनी धरला होता.

जीप शिरूरला गेली नाही, डॉक्टरकडं गेली. फॉर्म राहिला. निवडणूक होणार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवसांत अकरा बायका येऊन गेल्या. मोरीचा वास, झुरळं, चिकट डबे, एकेकीचं एकेक दुखणं. मी सगळं सांगितलं, झुरळांना ठेवायच्या साखर-सोड्यापासून तेलकट डब्यांच्या कोंड्यापर्यंत. जवळजवळ प्रत्येकीनं आपला नवरा शिकायला पाठवला. ते दात-ओठ खात येतात. मी मनात मतं मोजतो. आमच्या गटात निम्म्या म्हशी बायकांच्या नावावर, म्हणजे निम्मी मतं बायकांची. गडी राहू देत, बायकांवर मी निवडून येतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

पडलो. चार मतांनी.

गड्यांची मतं मिळणार नाहीत हे ठाऊक होतं. पण बायका? अनसाबाईला भर रस्त्यात गाठलं आणि विचारलं, "म्हातारे, बायांनी मला का पाडलं?"

ती म्हणाली, "तू निवडून आलास तर दुपारच्या मिटिंगा सुरू. मग आमच्या गड्यांला शिकवणार कोण? तुला घरी ठिवायला पायजे व्हतं. समद्या जणींनी मिळून ठरीवलं."

आयुष्यात पहिल्यांदा अख्ख्या गावाच्या बायकांनी माझा एवढा विचार केला, आणि त्यात मी पडलो. कस्तुराला सांगितलं तर म्हणाली, "वाईट वाटून घिऊ नगा." तिनं कुणाला मत दिलं ते विचारलं. तिच्या हाताची आग सुरू झाली.

२३ फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर पारावर गेलो नाही. घासत होतो, पण मोजत नव्हतो.

आज दुपारी परसाच्या दारानं ज्ञानदेव आला. नवा संचालक. टॉवेलाखाली काहीतरी धरलेलं. टॉवेल काढला तर दुधाचं पातेलं, बोटभर करपलेलं. अभिनंदनाचे फोन घेत बसला होता आणि दूध तळाला लागलं. धुरपदावहिनी म्हणाल्या, संचालक झालात म्हणून दूध जाळायचं लायसन मिळालं नाही, जा आणि शिकून या.

मी म्हटलं बस. जागा दिली मोरीवर. सोडा टाकून पाणी उकळलं, तळ भिजू दिला, काथ्या कसा धरायचा ते दाखवलं. मग दोघांनी एकाच पातेल्याला हात लावला, तो आतून, मी बाहेरून. शाळेत एका पाटीवर दोघं लिहायचो तसे.

अर्धं साफ झाल्यावर तो खाली बघत म्हणाला, "हौशा, मी मत तुला दिलं."

माझा हात थांबला. पन्नास वर्षं ज्याच्यावर जळलो त्यानं शिक्का माझ्या नावापुढं मारला होता. आणि मी? मी स्वतःलाच दिलं होतं. इथं कोण वाचतंय म्हणून लिहून ठेवतो. दोनदा बघून, नीट, चौकटीच्या आत.

मी म्हणालो, "मी बी तुलाच दिलं, ज्ञानदेव."

त्यानं मानही वर केली नाही.

"खोटं," तो म्हणाला. "घास."

मी घासायला लागलो.